कोरडा चेंडू

माझ्या उजव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना बघतात. दुकानात खिळे तोलून देताना गिऱ्हाइकाची नजर तिथे जातेच. मग विचारतात, "कास्पर, हे कशानं रे?" मी म्हणतो, "एझ्रा टॉलिव्हरनं." हे नाव ओळखणारे आता फारसे उरले नाहीत. ओळखलंच कुणी, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: त्याचा चेंडू ओला असायचा की कोरडा? खेळत होतो तेव्हापासून हा एकच प्रश्न ऐकून माझे कान किटले आहेत. पण दुकानात आलेल्या माणसाला हाकलता येत नाही, म्हणून मी खिळे कागदात बांधतो आणि गप्प बसतो.

खेळ बेसबॉलचा. एझ्रा पिचर आणि मी, कास्पर रीम, त्याचा कॅचर. त्यानं चेंडू फेकायचा, मी बॅटरच्या मागे उकिडवं बसून तो झेलायचा. मोठ्या लीगमध्ये मी कधी पोचलो नाही. एझ्रा एकदा सव्वीस दिवस जाऊन आला आणि खांदा धरून परत आला. बाकी सगळी वर्षं आयोवातल्या आणि इलिनॉयमधल्या गावांमधून गेली. गाडीच्या बाकावर मान वाकडी करून झोपायचं, दुपारी खेळायचं, घामानं भिजलेले कपडे तसेच पिशवीत कोंबून पुन्हा गाडीत चढायचं. लोकांना वाटतं बॉल खेळून पोट भरणाऱ्यांची चैन असते. मला आठवतो तो खांद्याला चोळायच्या तेलाचा उग्र वास आणि हॉटेलातला उकडलेला कोबी.

खांदा गेला तो १९०८ साली. वेगाचा चेंडू निघेना. त्या हिवाळ्यात माझ्या मामाच्या गोठ्यात आम्ही दोघांनी मिळून थुंकीचा चेंडू शिकून घेतला. चेंडूवर एका जागी ओल लावायची आणि बोटं त्याच जागी ठेवायची. मग चेंडू बोटांतून निसटतो, फिरत नाही, सरळ येतोय येतोय असं वाटतं आणि बॅटरपाशी येऊन एकदम खाली बसतो. खांद्याला ताण नाही. गोठ्यातल्या गायी कंटाळून आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या, आणि एक दिवस तो चेंडू असा काही खाली बसला की माझ्या घोट्यावर आदळला. एझ्रा दाराला टेकून लहान मुलासारखा हसत राहिला. त्याला तसं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्या काळी त्यात वावगं काहीच नव्हतं. अर्धे पिचर हजार लोकांसमोर चेंडूवर पचकन थुंकायचे. पण एझ्राचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. बायको अल्मिरा, मेथडिस्ट पाद्र्याची मुलगी. तिनं लग्नाआधीच बजावलं होतं की थुंकणाऱ्या माणसाबरोबर मी संसार करणार नाही. एझ्रानं तंबाखू सोडली आणि सासऱ्यासमोर शब्द दिला, यापुढे थुंकणार नाही. एझ्रा शब्दाचा पक्का. दारू नाही, शिवी नाही, रविवारची प्रार्थना चुकवणार नाही. संघात त्याला सगळे डीकन, म्हणजे चर्चचा सेवक, म्हणायचे. आणि म्हणून जे काम सगळं जग राजरोस करत होतं, ते हा बाबा चोरून करायचा.

खिशात एल्मच्या झाडाची साल असायची. ती चघळली की तोंडात बुळबुळीत लाळ सुटते. कुणी विचारलं तर म्हणायचा, पोटासाठी आहे. घाम पुसायला हातमोजा तोंडाशी न्यायचा आणि तेवढ्यात काम उरकायचा. पुढचं काम माझं. माझ्या हातमोज्याच्या आत मी फ्लॅनेलच्या मऊ कापडाचा तुकडा शिवून घेतला होता. झेललेला चेंडू आतल्या आत असा पुसायचो की अंपायरनं मागितला तरी हातात कोरडा पडावा. ओला चेंडू कुठे बसेल याचा नेम नसतो, म्हणून माझी बोटं मोडली. पहिलं १९११ला, दुसरं १९१३ला, तिसरं कधी ते मला आठवतही नाही.

दर वसंतात गावच्या पेपरचा बातमीदार प्रुइट यायचा. लठ्ठ, घामट, पण मनाचा बरा. वही काढून विचारायचा, "हं, कास्पर. डीकनचा चेंडू. ओला की कोरडा?"

मी म्हणायचो, "कोरडा. शिळ्या पावासारखा."

सगळे हसायचे. एझ्रा खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसायचा. दुसऱ्या दिवशी पेपरात ते छापून यायचं, आणि अल्मिरा ते कापून वहीत चिकटवायची. अकरा वर्षं हे असंच चाललं. इतक्या वेळा म्हटल्यावर ते वाक्य मला न विचारताच तोंडातून बाहेर पडायला लागलं.

मग १९२० साल उजाडलं. फेब्रुवारीत पेपरात आलं की थुंकीचा चेंडू बंद. जो टाकेल त्याला दहा दिवस घरी बसवणार. मी तेव्हा मिझुरीत होतो, आई शेवटच्या घटका मोजत होती. पेपर वाचला आणि पहिला विचार आला तो एझ्राचा. तो छत्तीस वर्षांचा, खांदा मेलेला, दुसरा धंदा शिकलेला नाही. सासऱ्याच्या ओळखीनं विटांच्या भट्टीवर जागा मिळाली असती, पण त्या खांद्यानं विटा काय उचलणार? मनात म्हटलं, काही झालं तरी चोरून टाकत राहू. आजवर कुणाच्या हाती लागलो नाही, यापुढेही लागणार नाही.

आईची माती करून मी सरावाला आठ दिवस उशिरा पोचलो. स्टेशनवरून पिशवी घेऊन तडक हॉटेलात. तिथेच खाली न्हाव्याच्या खुर्चीत आमचे मॅनेजर गिलफॉयल तोंडाला फेस लावून बसलेले. कडक माणूस. खोटं बोलणाऱ्याला दारात उभं करत नसत.

आरशातून मला बघून म्हणाले, "आलास? आईचं कळलं. वाईट झालं."

"हो, मिस्टर गिलफॉयल."

"एक विचारतो. सरळ उत्तर दे. टॉलिव्हरचा चेंडू ओला असतो की कोरडा?"

कुणीतरी चुगली केली, हे त्याला पकडायला निघालेत, एवढंच डोक्यात आलं. दोन दिवसांच्या प्रवासानं डोकं नुसतं भणभणत होतं. तोंड आपलं आपण उघडलं.

"कोरडा, मिस्टर गिलफॉयल. शिळ्या पावासारखा."

न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. गिलफॉयल आरशातून माझ्याकडे बघत राहिले. "प्रुइट इथे नाहीये. मी विचारतोय. शपथेवर सांगतोस?"

"शपथेवर. आईची माती अजून ओली आहे, मिस्टर गिलफॉयल. मी खोटं कशाला बोलू?"

हे मी बोललो. आईला मध्ये ओढायची काय गरज होती, हे मला आजही समजत नाही. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि न्हाव्याला खूण केली. मला वाटलं, मित्राला वाचवलं. पिशवी उचलून मी शीळ घालत मैदानावर गेलो.

एझ्रा कुंपणापाशी उभा होता. मला पाहिल्यावर धावतच आला. हा माणूस सामना सुरू असतानाही धावत नसे.

"भेटलास त्यांना? विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"सांगितलंस?"

"सांगितलं की. काळजी करू नकोस."

त्यानं टोपी काढली आणि कपाळावरून हात फिरवला. डोळे भरून आले होते. म्हणाला, "देवाची कृपा. कास्पर, मला बोलवेना रे. चार वेळा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. अकरा वर्षं नाही म्हणत आलो, जीभच रेटेना. शेवटी म्हटलं, कास्पर आला की त्याला विचारा, तो म्हणेल ते खरं धरा."

"काय खरं धरा?"

तेव्हा त्यानं सांगितलं. जे पिचर आधीपासून थुंकीचा चेंडू टाकत होते त्यांना लीगनं सवलत दिली होती. प्रत्येक संघानं दोन नावं कळवायची. त्या दोघांना तो चेंडू कारकीर्द संपेपर्यंत उघडपणे टाकता येणार होता, बाकीच्यांना कायमची बंदी. एक नाव आमच्या वॉल्श्लेगरचं, तो तर अंपायरच्या बुटांवरसुद्धा थुंकायचा. दुसरी जागा एझ्रासाठी ठेवलेली, पण आणखी एक जण ती मागत होता, म्हणून गिलफॉयलना खरं काय ते पाहिजे होतं. यादी त्याच दिवशी टपालात पडायची होती.

मी मागे वळलो आणि पळालो. हॉटेलात पोचलो तेव्हा गिलफॉयल गुळगुळीत गालांनी जेवायला बसले होते.

"मिस्टर गिलफॉयल, ओला असतो. त्याचा चेंडू ओला असतो."

त्यांनी काटा खाली ठेवला. "तासाभरापूर्वी तू आईची शपथ घेतलीस."

"खोटी घेतली."

"यादी अकरा चाळीसच्या गाडीनं गेली, रीम." ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही दोघंही वेडे आहात. चोरायचं काय होतं त्यात? चर्चमध्ये सांगितलं असतं तरी चाललं असतं."

तरी त्यांनी लीगला तार केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: दोन नावं मिळाली, यादी बंद झाली, बदल होणार नाही.

मी एझ्राला आदल्याच संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, तार येण्याआधीच. तो बटाटा कापत होता. कापत राहिला. इतके बारीक तुकडे केले की खायलाच काही उरलं नाही.

"तुला आधी पत्र टाकायला पाहिजे होतं," तो म्हणाला. "पण पत्रं अल्मिरा पेटीत टाकते. म्हणून लिहिलं नाही. चूक माझी."

त्यानं माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी सुटलो असतो. त्यानं मला मिठाची बरणी पुढे केली.

त्या मोसमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोरडा चेंडू टाकून एझ्राला रोज मार बसायचा. हातमोजा सवयीनं तोंडाकडे जायचा आणि अर्ध्यात थांबायचा. समोरच्या संघाच्या बाकावरून हाका यायच्या, "ए डीकन, तोंड सुकलं का रे? पाणी पाठवू?" तो ऐकून घ्यायचा. एल्मची साल त्यानं टाकून दिली होती, पण जबडा तसाच हलायचा, रिकामाच. मी मागे बसून बोटांनी खुणा करायचो, वेगाचा टाक, वळणारा टाक, आणि मला ठाऊक असायचं की त्याच्यापाशी दोन्ही नाहीत. जूनअखेर सात सामने हरला. पावसानं सामना रद्द झाला की आम्ही दोघं हॉटेलच्या पडवीत खुर्च्या टाकून काही न बोलता बसायचो, आणि खरं सांगतो, तेच दिवस सुखाचे वाटायचे.

चोरून टाकायचं मी एकदा सुचवून पाहिलं. त्यानं नुसती मान हलवली. मी पुन्हा विषय काढला नाही.

ऑगस्टमध्ये गिलफॉयलनी त्याला बोलावलं. मीही तिथे होतो. म्हणाले, "डीकन, शनिवारचा सामना तुझा. जिंकलास तर मोसम संपेपर्यंत राहा, पुढच्या वर्षीचंही मी बघतो. हरलास तर मला दुसरा माणूस घ्यावा लागेल."

"बरं," एझ्रा म्हणाला. एवढंच.

शनिवारी फाटकापाशी अल्मिरा उभी होती. अकरा वर्षांत ती सामन्याला आली नव्हती. काळी हॅट, हातात डब्याची टोपली. मला बाजूला बोलावून म्हणाली, "मिस्टर रीम, ते नेहमीचं का नाही टाकत?"

"नेहमीचं म्हणजे?"

"उगाच वेड पांघरू नका. अकरा वर्षं त्यांचे रुमाल मी धुतेय. त्या सालीचा चिकटा गरम पाण्यानंसुद्धा जात नाही."

"मिसेस टॉलिव्हर, मग तुम्ही बोलला का नाहीत? एका शब्दानं सगळं सोपं झालं असतं."

"माझ्यापासून लपवायला ते इतकं जपत होते," ती म्हणाली. "कसं बोलणार? आणि तुम्ही दर वर्षी पेपरात इतक्या ठामपणे सांगायचात. मला वाटायचं, तुम्हा दोघांना त्यातच बरं वाटतंय."

ती बाकांकडे निघून गेली. मी फाटकाला टेकून उभा राहिलो. या भल्या माणसांचा मला इतका राग आला की फाटकाला लाथ मारली, आणि अंगठा ठणकायला लागला.

त्या दिवशी एझ्रा जीव तोडून खेळला. चेंडूत काही नव्हतं, पण प्रत्येक बॅटरचं काय दुखतं ते त्याला पाठ होतं. आठ डाव आम्ही रेटले. नवव्या, शेवटच्या डावात आमची एक धाव जास्त, समोरचे दोघे बाद, तिसरा बाद झाला की आम्ही जिंकणार, आणि त्यांचे दोघे बेसवर उभे. एक फटका बसला की दोघेही घरी, म्हणजे माझ्या पुढ्यातल्या पाटीपर्यंत, आले असते, दोन धावा झाल्या असत्या आणि सगळं संपलं असतं. बॅटर होता क्रेब्स नावाचा धिप्पाड गडी, त्यानं दुपारभर एझ्राला झोडपलं होतं. एझ्राचा खांदा उतरलेला मला बसल्या जागेवरून दिसत होता. श्वास पोटातून वर येत नव्हता.

मी अंपायरकडे बघितलं. म्हातारा डॅगेट. त्याला स्वतःचे बूटसुद्धा नीट दिसत नसत. माझ्या हातमोज्यात फ्लॅनेल अजून होतंच. एक चेंडू. एकच. घाम पुसल्यासारखं करायचं, चेंडू खाली बसणार, क्रेब्स हवेत बॅट फिरवणार, आणि डॅगेटनं मागितला तर मी कोरडा करून देणार.

मी ओल्या चेंडूची जुनी खूण केली. उजवी मूठ डाव्या गुडघ्यावर घासली. बंदी आल्यापासून पहिल्यांदा.

एझ्रानं ती बघितली. हातमोजा उचलला, हनुवटीपर्यंत नेला आणि थांबला. मला वाटलं, झालं. मग त्यानं मान हलवली. नाही.

मी पुन्हा मूठ घासली. जोरात. बोटांच्या सांध्यांतून कळ गेली. मनात म्हणत होतो, टाक रे बाबा, माझ्यासाठी तरी टाक, मला एवढं फेडू दे.

नाही.

त्यानं हात वर नेला आणि सरळ, कोरडा चेंडू टाकला. चांगला टाकला, त्या वर्षातला सगळ्यात चांगला. क्रेब्सनं तो उजवीकडच्या कुंपणावर नेऊन आदळला. मला तिकडे बघावंसं वाटलं नाही. दोघेही धावत माझ्या अंगावरून घरी गेले. लोकही उठून आपापल्या घरी निघाले.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघंच राहिलो. तो बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता, एका हातानं, कारण दुसरा वर जात नव्हता. मी खाली बसलो आणि त्याची नाडी सोडू लागलो.

"डॅगेटला काही दिसलं नसतं," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

"अल्मिराला सगळं माहीत आहे. पहिल्यापासून."

तो म्हणाला, "असेल." मग माझ्याकडे न बघता बोलला, "तू माझ्यापायी आईची खोटी शपथ घेतलीस, कास्पर. मी त्यांना तुझ्याकडे पाठवलं म्हणून घेतलीस. मोसमभर कोरडा टाकून मी ती खरी करत आणली होती. शेवटच्या चेंडूला कशाला बिघडवायची?"

मी त्याच्या बुटावर डोकं टेकून रडलो. सांगायला लाज वाटत नाही. त्यानं तो बरा हात माझ्या मानेवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

बाहेर प्रुइट वही घेऊन उभा होता. एझ्रा त्याच्याकडे मान हलवून पुढे गेला. अल्मिरानं टोपली डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं नवऱ्याची पिशवी घेतली. ती दोघं सावकाश रस्त्यानं गेली.

प्रुइटनं पेन्सिल ओठाला लावली. सवयच ती. "कास्पर, शेवटचा चेंडू. ओला की कोरडा?"

"कोरडा," मी म्हणालो.

पुढचे दोन शब्द मला बोलता आले नाहीत. प्रुइट थोडा थांबला, त्या शब्दांची वाट बघत. मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, वही मिटली आणि डोक्यावरची टोपी काढली.